आत्यांचा कार्बोलिक साबण

साबण वापरण्याआधी आत्या साबण धुवायच्या. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर काहीतरी रचून सांगताय म्हणून मी हसून सोडून दिलं असतं. पण डोंबिवलीच्या आमच्या बिऱ्हाडात आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मोरीच्या कट्ट्यावर करवंटीत एक लालभडक वडी ठेवलेली होती. आत्यांनी ती दोन बोटांनी उचलली, तिच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं, उलटी करून पुन्हा ओतलं आणि मगच ती हातात घेतली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "आपल्याआधी कोणाचे हात लागले असतील, कोण जाणे," त्या म्हणाल्या. घरात आम्ही तिघंच. त्यांच्याआधी मोरीत मीच जाऊन आले होते.

आत्या म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. माझे सासू-सासरे राजापूरकडे गावी असायचे, आणि ह्यांना शिकायला म्हणून लहानपणीच ठाण्याला आत्यांकडे आणून सोडलेलं. आत्या तरुणपणीच विधवा झालेल्या. त्यानंतर शिकून ठाण्यातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि भाच्याला एकटीच्या हिमतीवर वाढवलं. आमचं लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आत्या नुकत्याच निवृत्त होऊन आमच्याबरोबर डोंबिवलीला राहायला आल्या होत्या. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, थोड्या चाळी, थोडी बैठी घरं आणि बाकी सगळी भातखाचरं. चाळीतल्या पोरांनी आठवड्याभरात त्यांचं नाव 'कार्बोलिक आत्या' ठेवलं. आत्यांना ते ठाऊक होतं, आणि एखादी पदवी मिळावी तसा त्यांना त्याचा अभिमान होता.

शाळेत त्यांनी जन्मभर आरोग्यशास्त्र शिकवलं, पण या साबणाची दीक्षा त्यांना वर्गात मिळाली नव्हती. फाळणीनंतर कल्याणच्या पलीकडे, शहाडच्या बाजूला, लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं उतरली तेव्हा आत्या शाळा सांभाळून तिथे मदतीला जात. पोरांना दूध वाटायचं, आजाऱ्यांना औषध पाजायचं, पडेल ते काम करायचं. जुलाब-उलट्यांनी माणसं हैराण झालेली. तिथल्या डॉक्टरांनी मदतीला येणाऱ्या बायकांना लाल साबणाची एकेक वडी दिली आणि माणसाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात धुवायला सांगितलं. आत्यांच्या बरोबरीच्या दोघीतिघी आजारी पडल्या, आत्या पडल्या नाहीत. त्या दोघीतिघींकडेही तोच साबण होता, हे मी एकदा हळूच म्हणून पाहिलं. त्यांनी तो नीट चोळला नसणार, असं उत्तर आलं.

तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू त्या वडीखालून जायची. दाराची कडी, छत्रीची मूठ, पोळपाट-लाटणं, ह्यांच्या चष्म्याच्या काड्या. बाजारातून वांगी आली की आधी त्यांची आंघोळ, मग माझी भाजी. त्या भाजीला कितीही गोडा मसाला घाला, मागून दवाखाना डोकावायचाच. मी कधी नाक मुरडलं तर आत्या वर्गात बोलल्यासारख्या शांतपणे बोलायच्या. "सुमन, डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून जंतू नाहीत का? देव तरी कुठे दिसतो? त्याला रोज हात जोडतेसच ना?" दारावर एक आगरी भाजीवाली यायची. तिने टोपली उतरवता उतरवता एकदा मला काळजीने विचारलं, "काय गो बाय, तुमचे घरान कोन आजारी हाय?" मी कुणी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही, कारण त्या दिवशी तिने कोथिंबिरीची एक जुडी पैसे न घेता तशीच ठेवली.

दह्याची गंमत तर चाळीभर झाली. आमचं दही मातीच्या मडक्यात लागायचं. आत्यांनी एक दिवस ते मडकं लाल साबणाने आतून-बाहेरून घासून काढलं आणि उन्हात वाळवलं. त्या दिवसापासून दही म्हणून लागेना. संध्याकाळी विरजण लावावं आणि सकाळी बघावं तर दूध तसंच, वरून औषधाचा वास. शेजारच्या राधाकाकूंकडे मी विरजण मागून मागून थकले. त्याही बिचाऱ्या द्यायच्या, पण दिवेलागणीच्या आत मागायला ये म्हणायच्या, तिन्हीसांजा झाल्यावर घरातलं दही बाहेर देत नाहीत म्हणून. आत्यांना मात्र यात स्वतःचा विजयच दिसला. दही लागत नाही म्हणजे भांडं किती स्वच्छ आहे बघ, असं त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणजे आत्या, दही हेसुद्धा जंतूच का? त्यांना ताकाशिवाय भात जात नसे. बराच वेळ विचार करून त्यांनी निकाल दिला, "हो. पण ते आपल्या घरचे." दुसऱ्या दिवशी ह्यांनी गुपचूप नवं मडकं आणलं, आणि त्या मडक्याला आत्यांनी कधी साबण लावला नाही. बाकी घराला लावत राहिल्या.

त्यांचे स्वतःचे हात बघवत नसत. थंडीत तर तळव्यांना अशा भेगा पडायच्या की पोळी मोडतानाही त्यांना कळ येई. मी कोकमाचं तेल गरम करून पुढे केलं तर नको म्हणायच्या, तेलाला धूळ चिकटते आणि धुळीबरोबर सगळं येतं. उघड्या भेगांतून काय काय आत जात असेल याचा विचार त्या करीत नसाव्यात. सगळ्या घराची काळजी करणाऱ्या त्या बाईचे हात असे होऊ द्यायचे आणि आपण गप्प बसायचं, याचा मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं. पण आत्यांना त्यांच्याच भल्याची गोष्ट सांगणं फार अवघड होतं.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मला माहेर नव्हतं. आई मी लहान असतानाच गेलेली आणि वडील बदलीच्या नोकरीत एकटे फिरत असलेले. मी त्याबद्दल बोलत नसे. आत्यांनीच एक दिवस विषय काढला आणि मिटवूनही टाकला. "तुझं माहेर इथंच," त्या म्हणाल्या, आणि लगेच डिंक निवडायला बसल्या. पुढचे महिने त्यांनी मला फुलासारखं जपलं. डोहाळे लागले तेव्हा वेळीअवेळी सांदणं केली, पायांवर सूज आली तेव्हा पाय चेपून दिले. फक्त आधी त्यांचे हात आणि मग माझे पाय साबणाने धुतले जायचे, एवढंच.

ठाण्याच्या एका प्रसूतिगृहात मला मुलगी झाली, आमची नलू. तिथे असेपर्यंत सगळं सुरळीत होतं. नलू पदराखाली घेतली की लगेच दूध ओढायची आणि पोट भरलं की झोपायची. मी तिला घेऊन डोंबिवलीला आले, आणि आत्यांनी सूत्रं हातात घेतली. न्हाऊ घालायला ठरवलेल्या बाईची नखं वाढलेली दिसली, म्हणून तिला नारळ देऊन निरोप दिला. बाळाला त्या स्वतः न्हाऊ घालू लागल्या, डाळीच्या पिठाऐवजी लाल साबणाने. आणि मला सांगितलं, प्रत्येक वेळी पाजण्याआधी अंग त्याच साबणाने धुवायचं.

पहिल्याच दिवशी नलूने तोंड फिरवलं. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. भुकेने रडून लालबुंद व्हायची, मी जवळ घेतलं की एकदा तोंड लावायची आणि किंचाळून मान वळवायची. दूध नव्हतं म्हणावं तर माझी चोळी भिजून जात होती. तिच्या अंगाची कातडी कोरडी होऊन सुटायला लागली. लंगोट कोरडे राहू लागले. चाळीतल्या बायका येऊन बघून जायच्या. कुणी दृष्ट काढली, कुणी अळीव वाढवायला सांगितलं, कुणी पोटात गुबारा धरलाय म्हणून बाळाच्या बेंबीवर हिंग लावला. आत्यांनी तो हिंग पुसून काढला. साबणानेच.

पोर दूध घेत नव्हतं आणि दिवसागणिक हलकं होत होतं. हे ऑफिसातून आले की चपला काढण्याआधी दारातूनच माझ्याकडे बघायचे, आणि मी नकारार्थी मान हलवायचे. डॉक्टरांनी पावडरचं दूध देऊन बघा म्हटलं. डबा ठाण्याहून आणावा लागणार होता. तोपर्यंत बोंडल्याने गाईचं दूध पाजावं म्हणून आत्यांनी बोंडलं उकळलं, साबणाने धुतलं, आणि नलूने तेही थुंकून टाकलं. आत्यांनी आणखी एकदा धुतलं. चुकलं कुठे ते त्यांना कळत नव्हतं. आपण काहीतरी कमी स्वच्छ ठेवतोय, एवढंच त्यांना सुचत होतं, म्हणून त्या आणखी धूत होत्या. त्यांचे डोळे रडून सुजलेले मला दिसत होते, पण त्या माझ्यासमोर रडल्या नाहीत.

हे रजा काढून डबा आणायला ठाण्याला गेले त्या दुपारची गोष्ट. राधाकाकू चुलीपुढचं काम टाकून आमच्याकडे आल्या. पाळण्यात नलूचं रडणं आता बारीक झालं होतं, आणि ते मोठ्या रडण्यापेक्षा वाईट होतं. काकूंनी आपलं बोट साखरेच्या पाण्यात बुडवलं आणि सरळ तिच्या तोंडात दिलं. आत्या ताडकन उठल्या. "अहो, ते बोट—" एवढं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं आणि त्या तिथेच थांबल्या. नलू ते बोट चोखत होती. अधाशासारखी चोखत होती, हातांच्या मुठी वळून.

आत्यांनी विचारलं, "तुम्ही हात कशाने धुता?"

"कशाने म्हणजे? आत्ता भांडी घासून आले. राखेने," काकू म्हणाल्या.

आत्यांनी स्वतःचं बोट नाकाशी नेलं. वास घेतला, पुन्हा घेतला. मग माझ्याकडे वळल्या. "मला काही वास येत नाही. तुला येतो?"

"येतो, आत्या," मी म्हटलं. "सगळ्यांनाच येतो."

त्या क्षणभर खाली बसल्या. मला वाटलं, आता त्यांना सावरावं लागणार. पण त्या जन्मभर शिकवणाऱ्या बाई होत्या. उठल्या त्या प्रयोगाला सुरुवात करायलाच. उजवी बाजू नेहमीसारखी साबणाने धुवायची, डावी डाळीचं पीठ लावून भरपूर कोमट पाण्याने, असं त्यांनी मला सांगितलं. त्या स्वतः उंबऱ्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. माझे हात जवळ आले तर प्रयोग बिघडेल, म्हणाल्या. काकूंनी नलूला माझ्या मांडीवर दिलं. उजवीकडे घेतलं, तिने तोंड फिरवलं आणि रडली. डावीकडे घेतलं, आणि ती लागली ती सुटेचना. तिच्या घशाचा घुटुक घुटुक आवाज त्या खोलीत इतका मोठा वाटत होता. मी रडत होते, काकू पदराने डोळे पुसत होत्या, आणि आत्या उंबऱ्याबाहेरून म्हणत होत्या, "एकदा झालं म्हणजे सिद्ध होत नाही. पुढच्या वेळी बाजू बदलून बघायचं." पुढच्या वेळी बाजू बदलली. उत्तर तेच आलं.

हे डबा घेऊन आले तेव्हा नलू गाढ झोपली होती आणि आम्ही तिघी चहा पीत होतो. आत्यांनीच त्यांना सगळं सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. "वसंता, जंतूंच्या मागे लागून मी पोरीला उपाशी ठेवलं. तिला काय हवं ते आधी बघायला हवं होतं. मी मलाच विचारत बसले." त्या वयाच्या, त्या मानाच्या बाईने भाच्यापुढे, सुनेपुढे आणि शेजारणीपुढे असं बोलावं, हे मला फार मोठं वाटलं. हे त्यांच्या पायांशी जाऊन बसले. मग डब्याकडे बघून म्हणाले की आता या पावडरीचा चहा करून पिऊ. तो चहा भिकार लागला, तरी आम्ही दोनदा केला.

त्या दिवसापासून लाल वडी मोरीतून उठली आणि संडासाबाहेरच्या बादलीशेजारी गेली. न्हाऊ घालणाऱ्या बाईला आत्या स्वतः जाऊन बोलावून आल्या, सोबत नखं काढायची कातरी घेऊन. हात धुवायचं त्यांनी सोडलं नाही, आम्हालाही सोडू दिलं नाही. फक्त आता साधा साबण आणि भरपूर पाणी. पाण्याला मी फार कमी लेखलं होतं, असं त्या प्रामाणिकपणे सांगायच्या. नलूचं अंग पंधरवड्यात पुन्हा मऊ झालं.

पण आत्यांचं काय? साबण सुटला तरी त्यांच्या हातांचा वास सुटेना. इतक्या वर्षांचा वास भेगांमध्ये जाऊन बसला होता. नलू त्यांच्याकडे गेली की रडायची. ती आल्या दिवसापासूनच रडत होती. आमच्या दोघींची रास जमत नाही, असं आत्या हसून म्हणायच्या, आणि मला ते खरं वाटलं होतं. आता कारण कळलं, आणि त्यांना आशाही वाटायला लागली. त्यांनी माझ्याकडून कोकमाचं तेल मागून घेतलं. रोज सकाळी डाळीचं पीठ, मग तेल. ज्या तेलाला त्या इतकी वर्षं हात लावत नव्हत्या, ते त्या देवपूजेच्या नेमाने चोळायच्या. मग पाळण्याजवळ येऊन एक बोट नलूच्या नाकाशी धरायच्या. तिने तोंड वाकडं केलं की "आज नाही" म्हणून परत जायच्या. मला ते बघवत नसे. मी म्हणायचे, घ्या तुम्ही, रडेल आणि थांबेल. त्या घेत नसत.

नलू तीन महिन्यांची झाली असेल. एका दुपारी मी वाळवणं गोळा करून आत आले, तर आत्या भिंतीला टेकून बसलेल्या आणि नलू त्यांच्या मांडीवर झोपलेली. त्यांचं बोट तिच्या मुठीत होतं. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. पाय आखडला असेल म्हणून मी पुढे झाले तर मान हलवून नको म्हणाल्या. पोर उठेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. उठताना त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उभं करावं लागलं आणि त्या हसत होत्या.

त्यानंतर नलू आत्यांचीच झाली. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, अक्षरं गिरवून घेणं सगळं त्यांनी केलं. त्यांचे हात हळूहळू भरून आले. झोपताना आत्यांचा तळवा गालाखाली घेतल्याशिवाय नलूला झोप यायची नाही. आमचं घर त्या वर्षांत खरोखर सुखी होतं, आणि ते सुख आम्हाला तेव्हाच कळत होतं, हे माझं भाग्य.

नलू शाळेत जायला लागली त्या वर्षी आत्यांना पोटाच्या दुखण्यासाठी ठाण्याच्या एका इस्पितळात ठेवावं लागलं. दुखणं बरं होणारं नाही हे आम्हाला सांगितलं होतं आणि त्यांनी ते आमच्या तोंडावरून ओळखलं होतं. एक दिवस त्यांनी ह्यांच्याबरोबर निरोप पाठवला, सुमनला म्हणावं नलूला घेऊन ये, आणि येताना पुडीत थोडं डाळीचं पीठ आण. मला वाटलं, काही खावंसं वाटत असेल. आम्ही गेलो तर नलू खोलीच्या दारातच अडून उभी राहिली. नर्सबाई नुकतीच आत्यांचे हातपाय पुसून गेली होती आणि सगळ्या खोलीत त्या लाल साबणाचा वास भरला होता. आत्यांनी नलूला बोलावलं नाही. मला म्हणाल्या, "आधी माझे हात धू."

मी पाण्याचं भांडं घेतलं आणि पीठ लावून त्यांचे हात धुतले, एकेक बोट. ते हात आता अगदी हलके झाले होते. नलू एकेक पाऊल करीत जवळ आली आणि शेवटी खाटेवर चढून बसली. इतक्यात नर्सबाई परत आली आणि पीठ सांडलेलं पाहून रागावली. हात तिने आत्ताच साबणाने स्वच्छ धुऊन दिले होते.

"फार चांगले धुतले होतेत, बाई," आत्या म्हणाल्या. "पण ही यायची होती ना." आणि त्यांनी तळवा उघडून उशीवर ठेवला, नलूला गाल टेकता यावा म्हणून.